न सुटणारा त्रिकोण



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्याबद्दल त्यांचे विद्यार्थी एक गोष्ट हटकून सांगतात. विषय कितीही मोठा असला, तरी त्यातलं सगळ्यात लहान उदाहरण आधी फळ्यावर आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. आजचा विषय भौतिकशास्त्राच्या अगदी आतल्या दालनातला आहे: जालकावर, म्हणजे बिंदूंच्या नियमित जाळ्यावर, मांडलेले चुंबक, त्यांच्यात निर्माण होणारी कुंठा आणि त्या कुंठेतून घडणारी अवस्थांतरं. पण त्याला लागणारं सगळ्यात लहान उदाहरण तीन टिंबांत मावतं. तेव्हा सरांच्या रिवाजाप्रमाणे तिथूनच सुरुवात करू.

फळ्यावर एक त्रिकोण काढा. कोपऱ्यांना क, ख, ग अशी नावं द्या. प्रत्येक कोपऱ्यावर एक इवलासा चुंबक आहे, त्याला आपण स्पिन म्हणू. त्याला दोनच दिशा ठाऊक आहेत, वर किंवा खाली. नियम एकच: प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याच्या उलट दिशेला राहायचं. क वर ठेवला, ख खाली ठेवला. इथवर सुरळीत. आता ग चं काय करायचं? वर ठेवला तर क बरोबरचा नियम मोडतो, खाली ठेवला तर ख बरोबरचा. काहीही केलं तरी एक बाजू नाराज राहतेच. तीन स्पिनांच्या एकूण आठ मांडण्या होतात. सगळे वर किंवा सगळे खाली अशा दोन मांडण्यांत तिन्ही बाजूंचा नियम मोडतो. उरलेल्या सहांत नेमकी एकच बाजू मोडते. म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची जागा एका मांडणीच्या वाट्याला येत नाही, सहा जणी ती वाटून घेतात. वर्गात ज्याला फ्रस्ट्रेशन म्हणतात, ती कुंठा हीच. त्रिकोणाच्या जागी चौकोन घेतला, तर वर, खाली, वर, खाली अशी फेरी बिनतक्रार पुरी होते.

ही कुंठा त्रिकोणाच्या कोणत्याही एका बाजूत बसलेली नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतून शिक्षक आणि विद्यार्थी इथे आले आहेत; दौंडकरांना मी हे त्यांच्याच रुळांवरून सांगतो. शिरूरला रेल्वे नाही, पण दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ पासून आहे. पुण्याकडून येऊन मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन पूर्वी दौंड स्थानकात सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. मग कॉर्ड लाइन झाली, आणि पुण्याची बाजू, मनमाडची बाजू आणि दौंड स्थानक यांच्यामधला रुळांचा त्रिकोण पुरा झाला. कागदावर तो त्रिकोण काढून त्यात एक इंजिन फिरवून बघा. पहिल्या बाजूने पुढे न्या, कोपऱ्यावर सांधा बदलून दुसऱ्या बाजूने मागे आणा, पुन्हा सांधा बदलून तिसऱ्या बाजूने पुढे न्या. इंजिन निघालं होतं तिथेच परत येतं, पण तोंड उलट्या दिशेला झालेलं असतं. रुळाच्या कुठल्याही एका तुकड्याकडे बोट दाखवून ‘ते इथे उलटं झालं’ असं म्हणता येत नाही. उलटणं सगळ्या फेरीचं असतं. १९७७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जेरार तुलूज यांनी कुंठेची जी काटेकोर व्याख्या केली, ती याच धर्तीची आहे: बंद वाटेवरून फिरताना प्रत्येक बाजूचं चिन्ह गुणत जा, गुणाकार उणे आला, तर ती वाट कुंठित. तीन उणे गुणले की उणे, चार उणे गुणले की अधिक. त्रिकोण अडतो आणि चौकोन सुटतो, याचं कारण एवढंच.

आता अवस्थांतराकडे वळू. लोखंड तापवत नेलं की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचं चुंबकत्व जातं. त्या तापमानाच्या खाली कोट्यवधी अणुचुंबक एका दिशेला राहतात, वर त्यांची शिस्त मोडते. हे हळूहळू न होता एका ठरावीक तापमानाला का व्हावं, हा प्रश्न विल्हेल्म लेंत्स यांनी आपले विद्यार्थी एर्न्स्ट इझिंग यांना एका साध्या प्रारूपाच्या रूपात दिला: वर-खाली स्पिन, आणि ‘शेजाऱ्याच्याच दिशेला राहा’ हा नियम. इझिंगनी १९२५ मध्ये सरळ साखळीपुरतं उत्तर प्रसिद्ध केलं: तिथे असं तापमान नाही. चौकोनी जालकाचं अचूक उत्तर यायला १९४४ उजाडावं लागलं. ते लार्स ऑन्सागर यांचं, आणि त्या उत्तरात निश्चित तापमानाचं अवस्थांतर आहे. चौकोनी जालकावर ‘शेजारी उलट’ हा नियम लावला तरी ऑन्सागर यांचंच उत्तर लागू पडतं, कारण एकाआड एक स्पिन कागदावर उलटा करून लिहिला की दोन्ही प्रश्न एकच होतात.

त्रिकोणी जालकावर ही युक्ती चालत नाही. १९५० मध्ये ग्रेगरी वॅनियर यांनी तो हिशेब अचूक केला आणि उत्तर निघालं की तिथे कोणत्याही तापमानाला अवस्थांतर होतच नाही. कितीही थंड करा, हे चुंबक एका रचनेवर स्थिरावत नाहीत. निरपेक्ष शून्यालासुद्धा दर स्पिनमागे ०.३२३ इतकी एन्ट्रॉपी, म्हणजे मांडणी निवडण्याची मोकळीक, शिल्लक राहते, बोल्ट्झमन स्थिरांकाच्या पटीत. अतिशय तापवलेल्या, पूर्ण मोकाट चुंबकाची एन्ट्रॉपी असते ०.६९३. म्हणजे जवळजवळ निम्मी मोकळीक शून्य अंशालाही तशीच राहते. वॅनियर यांच्या मूळ लेखात हा आकडा ०.३३८३ असा छापला गेला होता. त्यांनी स्वतः १९७३ मध्ये, तेवीस वर्षांनी, त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. मला या दुरुस्तीबद्दल फार आदर वाटतो.

ही मोकळीक येते कुठून? हे पाहायला वॅनियर यांचं गणित लागत नाही, पेन्सिल पुरते. त्रिकोणी जालकाच्या बिंदूंना लाल, पिवळा, निळा असे तीन रंग असे द्या की कोणतेही दोन शेजारी एका रंगाचे नसतील. हे अगदी सहज जमतं. आता सगळे लाल वर करा आणि सगळे पिवळे खाली. प्रत्येक निळ्या बिंदूला सहा शेजारी असतात, तीन लाल आणि तीन पिवळे. तीन त्याला खाली ढकलतात, तीन वर. निळ्याला काहीच फरक पडत नाही, तो हवा तसा राहू शकतो. तीनशे स्पिनांच्या जालकात असे शंभर निळे बिंदू मोकळे सुटले. त्यांच्या मांडण्या होतात दोनचा शंभरावा घात, म्हणजे एकावर तीस शून्यांहून अधिक, आणि या सगळ्या सारख्याच कमी ऊर्जेच्या. यात आपण फक्त एका प्रकारच्या मांडण्या मोजल्या. खरा आकडा याहून मोठा आहे.

निसर्गात असं खरंच घडतं का, अशी शंका येणं रास्त आहे. लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये बर्फातल्या हायड्रोजन अणूंबाबत अशीच मोजणी केली होती, आणि बर्फात शिल्लक राहणाऱ्या एन्ट्रॉपीशी ती जुळली. १९९९ मध्ये डिस्प्रोशियम टायटनेट नावाच्या चुंबकी स्फटिकात उष्णता मोजली, तेव्हा पॉलिंग यांच्याच हिशेबाचा आकडा आला. त्या कुळातल्या चुंबकांना स्पिन आइस म्हणतात.

इथवर ऐकून असं वाटेल की कुंठा म्हणजे शिस्तीचा अभाव. बरीच वर्षं बऱ्याच लोकांना तसं वाटत होतं. पण या विषयाचं खरं सौंदर्य त्याच्या पुढे आहे, आणि त्यासाठीच मी आज इथे उभा आहे. जिथे इतक्या मांडण्या एकाच ऊर्जेवर दाटीवाटीने उभ्या असतात, तिथे अगदी किरकोळ कारणसुद्धा निर्णायक ठरतं. थोडासा दूरच्या शेजाऱ्याचा ओढा, थोडं क्वांटम हेलकावणं, कधी तर नुसती उष्णतेची वळवळ. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक व्हियॅं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं की कुंठित चुंबकात उष्णतेची गडबड स्वतःच एखादी रचना निवडू शकते, कारण त्या रचनेभोवती वळवळायला जागा जास्त असते. शिस्त बेशिस्तीच्या पोटातून निघते. निव्वळ एन्ट्रॉपीतून शिस्त उगवण्याचं आणखी एक उदाहरण दीपक धर यांच्या कामात आहे. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, अनेक वर्षं होते आणि २०१६ नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आले. सांख्यिकी भौतिकीतलं सर्वोच्च मानलं जाणारं बोल्ट्झमन पदक २०२२ साठी त्यांना जाहीर झालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २००७ मध्ये आनंदमोहन घोष यांच्यासह त्यांनी चौकोनी जालकावर ताठ काड्या ठेवण्याचं प्रारूप अभ्यासलं. काड्या एकमेकींना ओढत नाहीत की ढकलत नाहीत, फक्त एक घर दोघींना मिळत नाही. काडी सात किंवा अधिक घरं लांब असेल, तर गर्दी वाढताच बहुतेक काड्या एका दिशेला लागतात. आणि गर्दी शिगेला पोहोचली की ती शिस्त पुन्हा मोडते. दोन अवस्थांतरं, आणि ऊर्जेचा कुठे संबंधच नाही.

त्रिकोणी जालकाकडे परत येऊ. वॅनियर यांच्या प्रारूपात दूरच्या शेजाऱ्यांचा थोडा ओढा मिसळला, तर थंडीत लाल-पिवळ्या-निळ्याची तिपेडी रचना पक्की होते. मग तापवल्यावर ती वितळते कशी? लोखंडासारखी एका झटक्यात वितळेल, असं वाटतं. पण पुष्कळदा ती दोन टप्प्यांत वितळते. मधे एक अवस्था येते, तिथे शिस्त पक्की नसते आणि गेलेलीही नसते. दूर जावं तसा दोन स्पिनांमधला संबंध एका घातांकाने मंद मंद कमी होतो. हा घातांक तापमानाबरोबर बदलतो, पण एक नवमांश आणि एक चतुर्थांश या दोन आकड्यांच्या मधेच राहतो. अशा अवस्थांतराची मूळ कल्पना बेरेझिन्स्की यांची आणि कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांची. त्यातल्या कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं. बेरेझिन्स्की त्याआधीच वारले होते.

अडचण अशी की ही मधली अवस्था प्रयोगशाळेत ओळखायची कशी? अणूअणूंमधला संबंध दूरवर मोजणं सोपं नाही. टीआयएफआरचे केदार दामले यांनी २०१५ मध्ये याला एक सुंदर वाट काढून दिली. त्यांनी दाखवलं की मधल्या अवस्थेच्या मोठ्या भागात स्फटिकाला अगदी मंद चुंबकी क्षेत्र लावलं, तर त्याचा साधा, सरसकट प्रतिसाद अमर्याद वाढत जातो, आणि किती वेगाने वाढतो हे त्याच घातांकावरून ठरतं. म्हणजे तिपेडी रचनेकडे थेट बघावंच लागत नाही. कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत जी गोष्ट सर्वांत आधी मोजतात, तिच्यातच खूण सापडते. २०२० मध्ये थुलियम, मॅग्नेशियम आणि गॅलियमच्या एका ऑक्साइडवर, ज्यात थुलियमचे अणू त्रिकोणी जालकावर बसतात, चीनमधल्या संशोधकांनी सुमारे ०.९ आणि १.९ केल्व्हिनला अशी दोन अवस्थांतरं आढळल्याचं प्रसिद्ध केलं. चुंबकी प्रतिसादाची ती विशिष्ट वाढही त्यांना दिसली.

आता मी थोडा मागे जातो, कारण या विषयातलं मला सर्वांत प्रिय असलेलं पान १९६९ सालचं आहे आणि ते कुलाब्यात लिहिलं गेलं. टीआयएफआरचं नाव आपल्याकडे बहुतेकांना शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदमुळे माहीत असतं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. मी सांगणार आहे त्या कामाला असलं काहीच लागलं नाही. चंचल मजुमदार हे कोलकात्यात १९३८ मध्ये जन्मलेले पदार्थवैज्ञानिक. अमेरिकेत वॉल्टर कोन यांच्याबरोबर काम करून ते टीआयएफआरमध्ये आले होते. त्यांच्यासोबत दीपन घोष हे तरुण संशोधक होते, जे पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. दोघांनी प्रश्न घेतला तो दिसायला साधा होता. स्पिनांची एक सरळ साखळी आहे. प्रत्येक स्पिनचा शेजाऱ्याशी ‘उलट राहा’ असा संबंध आहे, आणि त्याच्या पलीकडच्या, एकाआडच्या स्पिनशीही तसाच संबंध आहे. लागोपाठचे कोणतेही तीन स्पिन घ्या, त्यांचा त्रिकोण होतो आणि तो कुंठित असतो. साखळीभर कुंठाच कुंठा.

शिवाय इथले स्पिन वर-खाली एवढंच जाणणारे इझिंगचे नव्हते, ते पूर्ण क्वांटम स्पिन होते. अशा साखळीचा तळाचा स्तर अचूक काढणं साधारणपणे अशक्यप्राय असतं. फक्त शेजाऱ्यांचा संबंध असलेल्या साखळीचं उत्तर हान्स बेटे यांनी १९३१ मध्ये काढलं, तेही अतिशय अवघड वाटेने. आणि या दोघांना आढळलं की एकाआडचा ओढा शेजारच्या ओढ्याच्या नेमका निम्मा ठेवला, तर उत्तर एका ओळीत लिहिता येतं. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा अशा जोड्या लावा. प्रत्येक जोडीला सिंगलेट करा, म्हणजे दोघांचं चुंबकत्व एकमेकांत पूर्ण विरून जाऊ द्या. बस्स. जोड्यांना एकमेकींची काही खबर नाही. किंवा एक घर सरकून दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा अशा जोड्या लावा. ही दोनच उत्तरं, आणि दोन्हींची ऊर्जा दर स्पिनमागे शेजारच्या ओढ्याच्या उणे तीन अष्टमांश.

नेमका निम्माच का? आज वर्गात शिकवतात तो पुरावा इतका छोटा आहे की मी तो सांगितल्याशिवाय राहूच शकत नाही. साखळीतल्या लागोपाठच्या तीन-तीन स्पिनांच्या तिकड्या पाडा: १-२-३, मग २-३-४, मग ३-४-५. शेजारची कोणतीही जोडी, समजा २-३, दोन तिकड्यांत येते. एकाआडची जोडी, समजा २-४, एकाच तिकडीत येते. म्हणून सगळ्या तिकड्यांना सारखा मान देऊन बेरीज केली, की शेजारच्या संबंधाला दुप्पट वजन मिळतं आणि एकाआडच्याला एकपट. निम्म्याचं गूढ संपलं: साखळीची ऊर्जा म्हणजे त्रिकोणांच्या ऊर्जांची बेरीज झाली. आता एका त्रिकोणाला काय हवं असतं? तीन स्पिनांचं मिळून चुंबकत्व जितकं कमी होईल तितकं त्याला हवं. तीन अर्धे स्पिन पूर्ण शून्य होऊ शकत नाहीत. कमीत कमी अर्धा उरतोच, आणि तिघांपैकी कोणतेही दोघे जोडीत विरले की नेमका अर्धाच उरतो. जोड्या लावलेल्या साखळीत कोणतेही लागोपाठचे तीन स्पिन उचला, त्यात एक पुरी जोडी सापडणारच. म्हणून प्रत्येक त्रिकोण, एकही न वगळता, त्याला शक्य तेवढा समाधानी असतो. 

मित्रहो, हा पुरावा अकरावीच्या मुलालाही आकृती काढून पटवता येतो. फक्त तीन अर्ध्या स्पिनांची बेरीज त्याला मान्य करायला सांगावी लागते. आणि तरी जगभरच्या संशोधकांनी पुढची कित्येक वर्षं याच एका बिंदूचा आधार घेतला. मजुमदार-घोष प्रारूप हे नाव आज कुंठित क्वांटम चुंबकांच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मजुमदार यांना १९७६ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, पुढे ते कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्राचे संस्थापक संचालक झाले आणि २००० मध्ये वारले. आपल्या पदव्युत्तर वर्गांत ऑन्सागरचं नाव निघतं, ते निघायलाच हवं. त्याच तासाला हे मुंबईतलं उदाहरणही फळ्यावर यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

या साखळीत अवस्थांतर कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. इथे तापमान बदलायचं नाही, शून्यावरच राहायचं आणि एकाआडचा ओढा हळूहळू वाढवायचा. ओढा शून्य असेल तेव्हा बेटे यांची साखळी: शिस्त नाही, पण स्पिनांचा दूरदूरचा संबंध हळूच विरतो, आणि तिला हलवायला कितीही थोडी ऊर्जा पुरते. ओढा वाढत गेला की एका ठिकाणी साखळी आपणहून जोड्यांत फुटते, आणि तिला हलवायला किमान ठरावीक ऊर्जा द्यावी लागते. ही जागा निम्म्याच्या बरीच अलीकडे आहे. जपानमधल्या ओकामोतो आणि नोमुरा यांनी १९९२ मध्ये ती ०.२४११ इतकी बारकाईने ठरवली. निम्म्याचा बिंदू जोड्यांच्या प्रदेशात खोलवर आहे. तो सीमेवर नसला, तरी त्या प्रदेशाचा नकाशा काढताना पहिला खुंटा तोच ठोकला जातो.

मजुमदार यांच्या हाताखाली टीआयएफआरमध्ये डॉक्टरेट केलेले श्रीराम शास्त्री यांनी युटा विद्यापीठातल्या बिल सदरलंड यांच्यासह १९८१ मध्ये हीच कल्पना साखळीतून सपाट जालकात नेली. चौकोनी जालक घ्यायचं आणि काही निवडक चौकोनांतच कर्ण असे काढायचे की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला एकच कर्ण येईल. कर्णाची दोन टोकं म्हणजे एक जोडी. जोडीबाहेरच्या ज्या स्पिनचा तिच्याशी संबंध येतो, त्याचा दोन्ही टोकांशी सारखाच येतो, म्हणून विरलेल्या जोडीचा त्याच्यावरचा ओढा शून्य होतो. कर्णाचा संबंध पुरेसा बळकट असला, की जोड्यांची रचना हेच अचूक उत्तर. त्या वेळी असा कोणताही स्फटिक कुणाला माहीत नव्हता. दोघांनी तो केवळ गणिताच्या सोयीसाठी रचला होता.

अठरा वर्षांनी, १९९९ मध्ये, जपानमध्ये हिरोशी कागेयामा आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम, तांबं आणि बोरॉनच्या एका ऑक्साइडवर प्रयोग केले, आणि त्यातले तांब्याचे स्पिन नेमके शास्त्री-सदरलंड यांच्या जालकावर बसलेले निघाले. पदार्थ त्याआधी काही वर्षं तयार झालेला होता. त्याच्यात काय दडलंय, ते कुणी ओळखलं नव्हतं. चुंबकी क्षेत्र वाढवत नेलं की या स्फटिकाचं चुंबकत्व सरळ वाढत नाही, मधे मधे पायऱ्यांसारखं थांबतं: एक अष्टमांशाला, एक चतुर्थांशाला. तिथे सुट्या झालेल्या स्पिनांची स्वतःचीच एक रचना बसते.

आणि मग दाब. या स्फटिकावर दाब वाढवला की अणूंमधली अंतरं थोडी बदलतात, आणि कर्णाचा जोर व बाजूंचा जोर यांचं प्रमाणही बदलतं. सुमारे अठरा किलोबारच्या पुढे, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास अठरा हजार पट, जोड्या मोडून चार-चार स्पिनांचे गट बनतात, आणि हा बदल उडी मारून होतो. २०२१ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी दाबाखाली या स्फटिकाची उष्णताधारकता कमालीच्या अचूकतेने मोजली. त्यांना आढळलं की उडीची ती रेघ तापमान वाढवलं तरी चालू राहते, आणि निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन-चार अंश वर अचानक एका बिंदूत संपते. त्या बिंदूपलीकडे जोड्यांच्या बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश, कोणतीही उडी न मारता जाता येतं.

हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. पाणी आणि वाफ यांच्यामधली रेघही अशीच ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बार दाबाला संपते, आणि त्यापुढे पाणी कुठलं, वाफ कुठली, हे सांगता येत नाही. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात बॉयलरचं काम करणारी माणसं आहेत, त्यांना वाफेच्या तक्त्यातले हे आकडे नवे नाहीत. पाणी आणि वाफ यांच्यात फरक घनतेचा. इथे रेघेच्या दोन बाजूंना फरक जोड्यांच्या घनतेचा. आणि दोन्ही ठिकाणी त्या शेवटच्या बिंदूजवळचं वागणं इझिंगच्याच प्रारूपाच्या कुळातलं आहे. १९२५ मध्ये ज्याला अवस्थांतर सापडलं नव्हतं, त्याच्या नावाचं गणित कुंठित क्वांटम स्फटिकाच्या टोकाशी येऊन उभं राहतं, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

या क्षेत्रात अजून पुष्कळ बाकी आहे, आणि त्याचं एक कारण सांगण्याजोगं आहे. कुंठा नसलेल्या क्वांटम चुंबकांचा हिशेब संगणकावर यदृच्छ नमुने घेऊन फार चांगला होतो. कुंठा आली की त्याच हिशेबात अधिक आणि उणे वजनं भराभर एकमेकांना खोडून काढतात आणि हाती फक्त गोंगाट उरतो. त्रिकोणाभोवतीच्या फेरीतलं ते उणे चिन्ह संगणकालाही सोडत नाही. म्हणूनच मजुमदार-घोष यांच्यासारखे अचूक सुटलेले बिंदू इतके मोलाचे ठरतात. नवी पद्धत कुणीही शोधली की पहिली परीक्षा तिथे द्यावी लागते.

ही परीक्षा इथल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातही देता येते. आठ स्पिनांचं एक कडं घ्या, आठवा स्पिन पहिल्याला जोडा. चार वर आणि चार खाली अशा मांडण्या होतात ७०. त्यांचा ७० बाय ७० चा तक्ता मांडा आणि त्याचे स्तर काढायला सांगा. साध्या लॅपटॉपला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. एकाआडचा ओढा निम्मा ठेवला असता सर्वांत खालची ऊर्जा नेमकी उणे ३ यायला हवी, आणि त्या ऊर्जेवर दोन स्तर असायला हवेत. तसं आलं, तर तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे. मग ओढा शून्यापासून थोडा थोडा वाढवत न्या आणि तळाच्या वरचे दोन स्तर कागदावर उतरवा, एक एकेरी आणि एक तिहेरी. सुरुवातीला तिहेरी खाली असतो. ०.२४ च्या आसपास दोघे एकमेकांना छेदतात. बारा स्पिनांना तक्ता ९२४ चा होतो, सोळांना १२,८७० चा. शून्यं वगळून लिहिला तर तोही लॅपटॉपवर मावतो, आणि छेदाची जागा ०.२४११ कडे सरकत जाते. दौंड आणि शिरूरच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हे करून बघायचं असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं. आठ स्पिनांचा तक्ता आपण आजच फळ्यावर मांडायला घेऊ.